‘-इंक’ने संपणारं दुर्मीळ डच आडनाव: मूळ कुठे शोधायचं आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई लग्नानंतर नेदरलँड्समध्ये स्थायिक झाल्या. यजमान गेल्डरलँड प्रांताच्या पूर्व टोकाचे, जर्मन सीमेला खेटून असलेल्या आख्टरहूक भागातले. त्यांचं आडनाव ‘-इंक’ने संपतं, आणि डच आडनावांच्या संग्रहात २००७ साली त्या नावाची शंभराच्या आतच माणसं दिसतात. सासरी सांगतात की हे नाव नेपोलियनच्या हुकुमामुळे घेतलं, आणि इतकं दुर्मीळ आहे त्याअर्थी घराणं सरदारी असणार. एक संकेतस्थळ त्या आडनावाचं कुलचिन्ह विकतंय, ते घ्यावं का, हेही त्यांनी विचारलंय. बाळ यायच्या आत सगळं नीट कळावं, ही इच्छा. आडनाव जाहीर करू नका अशी विनंती असल्यामुळे मी त्याच मुलखातल्या दुसऱ्या, सर्वांना ठाऊक असलेल्या नावांची उदाहरणं घेते.

आधी थेट उत्तर देते. हे आडनाव जवळजवळ नक्की एका शेतवाडीचं नाव आहे आणि ते नेपोलियनच्या कितीतरी आधीचं असणार. दुर्मीळपणावरून सरदारकी ठरत नाही. तेच आडनाव लावणारी सगळी माणसं एकाच रक्ताची असतील असंही धरून चालू नका. कुलचिन्हावर एक युरोही खर्च करू नका.

आता हे असं का, ते सांगते.

आख्टरहूक, त्याच्या उत्तरेचा ट्वेंटे आणि सीमेपलीकडचा जर्मन वेस्टफालिया हा आडनावांच्या दृष्टीने एकच मुलूख. इथे घर, गोठा, कोठार आणि भोवतीची जमीन मिळून जी वाडी होते, तिला स्वतःचं नाव असतं. त्यातली पुष्कळ नावं माणसाच्या नावाला ‘-इंग’ हा जुना प्रत्यय लागून झाली: हेसेलिंक म्हणजे हेसेलच्या माणसांची वाडी, वोल्टरिंक म्हणजे वोल्टरच्या. हा मूळचा हेसेल किंवा वोल्टर मध्ययुगात कधीतरी होऊन गेला, त्याच्यामागे वाडीला नाव राहिलं आणि पुढे त्या वाडीवर कुळामागून कुळं आली नि गेली. नाव जमिनीला चिकटलेलं असतं, माणसाला नाही, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर पुढचा सगळा गोंधळ सुटतो.

एक काल्पनिक पण अगदी नेहमीचं उदाहरण घ्या. बेरेंट नावाचा मुलगा हेसेलिंक वाडीवर जन्मला. थोरला भाऊ वाडी सांभाळणार, म्हणून बेरेंटने शेजारच्या विसिंक वाडीवरच्या विधवेशी लग्न केलं आणि तिथे राहायला गेला. लग्नाच्या नोंदीत तो बेरेंट हेसेलिंक. दोन वर्षांनी मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत मात्र बाप म्हणून बेरेंट विसिंक लिहिलेला सापडतो, आणि मुलंही विसिंक. पुढे त्याने तिसरीच वाडी खंडाने घेतली तर धाकट्या मुलांना तिसरंच नाव. एका आईबापाची सख्खी भावंडं दोन-तीन आडनावांनी वावरतात, आणि ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही अशी दोन कुटुंबं पन्नास वर्षांच्या अंतराने त्याच वाडीवर राहिल्यामुळे एकच आडनाव लावतात. नवशिके वंशावळ लावताना इथेच अडतात. त्यांना वाटतं की बेरेंट विसिंकचा जन्म सापडत नाही म्हणजे पान हरवलं. पान असतं, नाव दुसरं असतं.

सीमेपलीकडचे जर्मन पाद्री हे जरा सोयीने लिहीत. ते दोन नावांच्या मध्ये ‘गेनान्ट’ घालत, म्हणजे आपलं ‘ऊर्फ’. लॅटिनमध्ये लिहिणारे ‘व्हुल्गो’ (लोक म्हणतात ते), ‘मोडो’ (आताचं), ‘ओलिम’ (पूर्वीचं) वापरत. ‘ओलिम’ दिसलं की पुढचं नाव आधीच्या वाडीचं समजायचं. प्रशिया या जर्मन राज्याने १८२२ मध्ये राजाच्या परवानगीशिवाय आडनाव बदलायला बंदी घातली, त्यानंतर ही पद्धत हळूहळू आटली. डच बाजूला ती त्याआधीच, १८११ पासून, नागरी नोंदणीमुळे गोठली.

आता नेपोलियन. ही गोष्ट नेदरलँड्समध्ये घरोघरी सांगितली जाते, त्यामुळे सासरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. खरं इतकंच की १८१० मध्ये देश फ्रेंच साम्राज्यात सामील केला गेला आणि १८ ऑगस्ट १८११ च्या हुकुमाने ज्यांना कायमचं आडनाव नाही त्यांनी ते नोंदवावं असं ठरलं. लोकांनी फारशी घाई केली नाही, मुदत वाढवावी लागली, आणि फ्रेंच गेल्यावर राजा पहिला विल्यम याला १८२५ मध्ये पुन्हा तसाच हुकूम काढावा लागला. पण हा हुकूम होता आडनाव नसलेल्यांसाठी. पश्चिमेकडच्या हॉलंड प्रांताच्या शहरांत आडनावं त्याआधी दोनशे वर्षं चालू होती. उत्तरेकडच्या फ्रीसलँड प्रांतात बापाचं नाव लावण्याची चाल मोठ्या प्रमाणावर टिकून होती, म्हणून तिथल्या नावनोंदणीच्या वह्या जाड आहेत. आख्टरहूकमध्ये वाडीची नावं वापरात होतीच.

शिवाय ज्यांच्याकडे आधीपासून नाव होतं अशाही पुष्कळांनी जाऊन ‘आम्ही हेच नाव ठेवतो’ अशी नोंद केली. त्यामुळे तुमच्या यजमानांच्या खापरपणजोबांची १८१२ ची नोंद सापडली तरी नाव तेव्हा जन्मलं असं ठरत नाही, ते तेव्हा स्थिर झालं एवढंच ठरतं. या नोंदी जरूर पाहा, कारण त्यांत कुटुंबप्रमुख आपली मुलं आणि कधीकधी नातवंडंही वयासकट सांगतो. एका पानात तीन पिढ्या हाती लागतात.

याच गोष्टीची दुसरी शेपटी म्हणजे विचित्र आडनावं. फ्रेंचांची चेष्टा करायला लोकांनी वेडीवाकडी नावं घेतली आणि नंतर ती गळ्यात पडली, असं सांगतात, आणि पुरावा म्हणून नाक्टखेबोरन हे नाव पुढे करतात. आजच्या डच कानाला त्याचा अर्थ ‘नागडा जन्मलेला’ असा लागतो. पण हे नाव १८११ च्या आधीच्या कागदांत आहे, आणि अभ्यासकांचं सर्वमान्य स्पष्टीकरण असं की ते जर्मन ‘नाखगेबोरेन’वरून आलं, म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेलं मूल. एखाद्या पोरक्या बाळाची आठवण त्या नावात आहे आणि दोनशे वर्षं लोक ती थट्टा म्हणून सांगतायत, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आडनावं किती सैल होती हे पाहायचं तर डेल्फ्टला जा. चित्रकार योहानेस व्हरमीरचे वडील रेनिअर यान्स. यान्स म्हणजे यानचा मुलगा. हे गृहस्थ काही वर्षं ‘व्होस’ म्हणजे कोल्हा हे आडनाव लावत होते, त्यांची खानावळही ‘उडता कोल्हा’ नावाची होती. पुढे ते व्हरमीर झाले. ‘व्हरमीर’ हे ‘व्हॅन डर मीर’चं आक्रसलेलं रूप, तळ्याकाठचा. चित्रकाराच्या बापाच्या हयातीत एकाच माणसाची तीन नावं होतात, आणि कुणी कचेरीत जाऊन काही बदललेलं नसतं.

आता दुर्मीळपणाकडे वळू. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण सरदारकीची समजूत इथूनच येते.

डे योंग, यान्सन, डे व्हरीस ही देशातली सर्वांत मोठी आडनावं. पहिल्या दोहोंची प्रत्येकी सत्तर हजारांहून जास्त माणसं आहेत. ती इतकी का? कारण ती शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झाली. प्रत्येक गावात एखादा यान होता आणि त्याला मुलगा होता. याउलट वाडीचं नाव एकाच जागी जन्मतं. एका वाडीवर एका वेळी एकच कुटुंब असतं. सुरुवातच एका घरापासून, म्हणून नाव लहानच राहतं. या संग्रहात तीन लाखांवर वेगवेगळी आडनावं आहेत आणि त्यांतली बहुतांश मूठभर माणसांची आहेत. दुर्मीळ असणं हाच तिथला सर्वसाधारण प्रकार आहे.

दुसरं कारण गणिताचं. आडनाव बापाकडून येत असेल तर ज्या पुरुषाला मुलगा नाही त्याच्यापाशी ती ओळ थांबते. फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४ मध्ये याचं गणित मांडलं: लोकसंख्या स्थिर असेल तर कुणावरही आपत्ती न येता, केवळ योगायोगाने, पिढ्यान्‌पिढ्या आडनावं विझत जातात, आणि लहान नावं आधी विझतात. सरदार घराणी त्याच नियमाने संपली आणि खंडकरी शेतकऱ्यांचीही.

तिसरं कारण शुद्धलेखन, आणि माझ्या अनुभवात हे सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतं. १८११ पूर्वी एकच पाद्री एकच नाव एकाच वर्षात ‘-इंक’, ‘-इंग’ आणि शेवटी सी-के जोडून अशा तीन प्रकारे लिहितो. नागरी नोंदणी आल्यावर कारकुनाने त्या दिवशी जे लिहिलं ते कायम झालं, आणि दोन चुलतभाऊ दोन वेगळ्या आडनावांचे मूळपुरुष झाले. तुमच्या नावाची शंभराच्या आत माणसं दिसतात ती एका लेखनाची. भावंड-रूपं धरून मोजा, आकडा बराच वाढेल. संग्रहात शोधताना आय-जे आणि वाय, के आणि सी-के, एस आणि झेड यांची अदलाबदल करून पाहा. ‘व्हॅन’, ‘ते’, ‘टेन’ ही उपपदं सोडून शोधा, कारण डच वर्णक्रमात व्हॅन डेन बर्ग हा ‘ब’खाली सापडतो. बेल्जियममध्ये नेमकं उलट, तिथे तो ‘व्ह’खाली असतो. लेखन माणूस स्वतःही बदलतो: चित्रकार पीट मोंड्रियान पॅरिसला गेल्यावर त्याने आडनावातल्या दोन ‘ए’पैकी एक गाळला. त्याचं बालपण तुमच्याच मुलखातल्या विंटर्सवाइकमध्ये गेलं.

चौथं कारण स्थलांतर. १८४० च्या दशकात बटाट्याची रोगराई आणि अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्या लोकांची गळचेपी यामुळे आख्टरहूकमधून कुटुंबंच्या कुटुंबं अमेरिकेत मिशिगन आणि विस्कॉन्सिनला गेली. २१ नोव्हेंबर १८४७ ला मिशिगन सरोवरात शेबॉयगनजवळ ‘फिनिक्स’ ही आगबोट जळाली. तिच्यावरचे बहुतेक उतारू डच होते, त्यांत विंटर्सवाइक, आल्टेन या भागातले पुष्कळ. किनारा डोळ्यांसमोर असताना दोनशेच्या आसपास माणसं गेली. काही आडनावांच्या फांद्या त्या पहाटे तुटल्या. काही नावं मात्र उलट तिकडे फोफावली आणि मायदेशी आटली. म्हणून नेदरलँड्सचा आकडा पाहून नाव संपत आलंय असं ठरवायच्या आधी अमेरिकेची जनगणना पाहा.

संग्रहातला एक आकडा तुम्ही स्वतः तपासा. तिथे १९४७ च्या जनगणनेचा आणि २००७ चा असे दोन आकडे मिळतात. त्या साठ वर्षांत देशाची लोकसंख्या ९६ लाखांवरून १ कोटी ६४ लाखांच्या घरात गेली, म्हणजे साधारण १.७ पट. १९४७ मध्ये तुमच्या नावाची ५० माणसं असतील आणि २००७ मध्ये ८५, तर नाव देशाच्या बरोबरीने चाललंय. ५० ची ६० झाली असतील तर आकडा वाढूनही नाव मागे पडतंय. नकाशाही उघडा. वाडीचं नाव असेल तर दोन-तीन लगतच्या नगरपालिकांवर गडद ठिपका येतो आणि बाकी देश कोरा राहतो. ठिपका जर्मन सीमेला टेकलेला असेल तर पलीकडचे बोखोल्ट आणि फ्रेडेन हे भाग पाहिल्याशिवाय थांबू नका. ही सीमा इथे नेमकी आखली गेली ती १७६५ च्या बुर्लो करारानंतर. त्याआधीही आणि नंतरही लोक पलीकडे लग्नं करत, चाकरीला जात. जर्मन आडनावांचे नकाशे २००५ च्या टेलिफोन जोडण्यांवर बेतलेले आहेत. एक जोडणी म्हणजे एक घर, तेव्हा माणसं त्याच्या दोन-तीन पट धरायची.

आता प्रत्यक्ष काम. नावाचा अर्थ शोधण्यापासून सुरुवात करू नका. आजच्या माणसापासून मागे चला, एकही पिढी गाळू नका, आणि अर्थ सगळ्यांत शेवटी लावा. नाव कुठल्या वाडीचं हे ठरल्याशिवाय अर्थ सांगणारा माणूस अंदाजच करत असतो.

डच नोंदी जन्मानंतर १०० वर्षांनी, लग्नानंतर ७५ आणि मृत्यूनंतर ५० वर्षांनी खुल्या होतात. यजमानांच्या पणजोबांचं लग्न गाठलंत की तिथे केवळ लग्नाच्या दाखल्यावर समाधान मानू नका, त्यामागची जोडपत्रं मागा. एकोणिसाव्या शतकातल्या लग्नाच्या जोडपत्रांइतका श्रीमंत कागद या कामात दुसरा नाही. त्यात वधूवरांच्या जन्माचे किंवा बाप्तिस्म्याचे उतारे असतात, मेलेल्या आईबापांचे मृत्यूचे दाखले असतात, आईबाप दोघेही नसतील तर आजी-आजोबांचेही, आणि नवऱ्यामुलाचा सैन्यभरतीचा दाखला. या भरतीच्या दाखल्यात पुष्कळदा त्याचं वर्णन असतं: उंची, कपाळ, डोळ्यांचा रंग, नाक, हनुवटी, भुवया. फोटोच्या आधीच्या काळातल्या खंडकरी शेतकऱ्याचा चेहरा आणखी कुठे वाचायला मिळणार? आणि तुमच्यासाठी सर्वांत मोलाची चीज म्हणजे शपथेवरची जबानी: अमुक नावाने बाप्तिस्मा झालेला आणि तमुक नावाने लग्न करणारा माणूस एकच आहे, असं गावातले साक्षीदार सांगतात. वाडी बदलल्याचा पुरावा तोच.

१८११ च्या मागे चर्चच्या वह्या. त्या आर्नहेमच्या प्रांतिक दफ्तरखान्यात आणि डूटिंखमच्या आख्टरहूक केंद्रात पाहता येतात, बहुतेक घरबसल्याही. पलीकडच्या म्युन्स्टर धर्मप्रांताच्या कॅथलिक वह्या ‘मॅट्रिक्युला’ या संकेतस्थळावर फुकट आहेत. पण वाडीचं नाव हाती लागलं की माणसांचा पाठलाग थोडा थांबवून जमिनीचा सुरू करा. १८३२ च्या जमीन मोजणीच्या नकाशावर वाडी, मालक आणि शेतांचे तुकडे सापडतील. १७४८ ची ‘लिबराले खिफ्टे’ ही कराची यादी कुटुंबप्रमुख देते. आणि तुमचा मुलूख ज्यात येई त्या झुट्फेन परगण्याची १६४६ च्या सुमाराची साऱ्याची वही वाडीवार लिहिलेली आहे: मालक कोण, कसतो कोण, पेरणीची जमीन किती, आणि मालकाला पिकाचा कितवा वाटा, पुष्कळदा तिसरी पेंढी. त्या वहीत तुमच्या नावाची वाडी दिसली की सरदारकीच्या प्रश्नाचं उत्तर त्याच ओळीत मिळेल. मालकाच्या रकान्यात एखादा उमराव किंवा मठ असेल, आणि तुमचं नाव कसणाऱ्याच्या रकान्यात. मला तरी हा दुसरा रकाना जास्त जवळचा वाटतो. दुसऱ्याच्या जमिनीवर राबलेल्या माणसांचं नाव साडेतीनशे वर्षांनंतरही चालू आहे, ही लहान गोष्ट नाही.

गुणसूत्रांच्या चाचणीबद्दल दोन शब्द, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी एकाच आडनावाचे दोन पुरुष एका वंशाचे आहेत का हे सांगते. वाडीच्या नावांत ती नकारार्थी आली तर कुणाच्या आजीवर संशय घेऊ नका. बहुतेक वेळा कुणीतरी जावई वाडीवर राहायला आला होता.

कुलचिन्हाचं थोडक्यात सांगते. चिन्ह आडनावाला नसतं, विशिष्ट घराण्याला असतं. तेच आडनाव आहे म्हणून दुसऱ्याचं चिन्ह तुमचं होत नाही. नेदरलँड्समध्ये सामान्य माणसालाही स्वतःचं चिन्ह करवून घेता येतं, आणि सरदार घराण्यांची नोंद १८१४ मध्ये स्थापन झालेल्या हेग इथल्या उमराव परिषदेकडे आहे. आडनावात ‘व्हॅन’ आहे म्हणूनही सरदारकी ठरत नाही. ते गावावरून येतं, आपल्या ‘-कर’सारखं, आणि गाव सोडल्यावरच चिकटतं, व्हॅन गॉग घराण्याचं नाव आज जर्मनीत असलेल्या गोख गावावरून पडलं. जर्मन ‘फॉन’ बऱ्याचदा सरदारकीचं असतं, म्हणून लोक फसतात. खुद्द संगीतकार बेथोव्हेनच्या बाबतीत व्हिएन्नाच्या कोर्टात हे घडलं. त्याचे आजोबा फ्लँडर्समधल्या मेखेलनचे, म्हणून नावात ‘व्हॅन’. पुतण्याच्या ताब्याचा खटला उमरावांच्या न्यायालयात चालला होता, पण १८१८ च्या अखेरीस हे ‘व्हॅन’ सरदारकीचं नाही हे उघड झालं आणि खटला सामान्यांच्या न्यायालयाकडे पाठवला गेला.

राहिलं बाळाचं आडनाव. १ जानेवारी २०२४ पासून डच कायद्याने मुलाला आई आणि बाप दोघांची आडनावं जोडून देता येतात, हवा तो क्रम घेऊन, मध्ये जोडरेघ न घालता. पहिल्या मुलासाठी जे ठरवाल तेच त्याच आईबापांच्या पुढच्या मुलांना लागू होतं, म्हणून निर्णय घाईत नको. तुमचं माहेरचं आडनाव आणि हे वाडीचं नाव अशी जोडी जगात बहुधा दुसऱ्या कुणाची नसेल. घोषणा बाळाच्या जन्माआधीही करता येते, नाहीतर जन्म नोंदवताना. दोघांनी मिळून नगरपालिकेत जायचं असतं, तेव्हा तारीख आधी मागून ठेवा. आणि तुमच्या कागदपत्रांवर आडनावाच्या रोमन लेखनात काही चूक असेल तर ती आत्ताच दुरुस्त करून घ्या.